सुरक्षित द्विदल चारा: खान्देशातल्या पशुपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पांझरेकाठचा दूध उत्पादक. हिवाळा लागला, लसूणघासाच्या कापण्या सुरू झाल्या की साक्री, शिरपूर, अमळनेर, शहाद्याकडून तेच तेच प्रश्न येतात. फोनवर दोन मिनिटांत अर्धीच उत्तरं दिली जातात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. घास खाऊन गाय गेली की आपण मालकाला दोष देतो: उपाशी सोडली, ओला घातला, लक्ष दिलं नाही. हे खरंच असतं. पण दोष झाडाच्या पानातही असतो आणि पानातला दोष पैदाशीने कमी करता येतो. जगात तसं झालेलं आहे. आपण मात्र बियाणं घेताना एकरी किती टन एवढंच विचारतो.

द्विदल चारा म्हणजे नेमका कोणता?

ज्याच्या मुळांवर गाठी येतात आणि ज्याला शेंगा लागतात तो. लसूणघास (काही जण मेथीघास म्हणतात), बरसीम, चवळी, दशरथ घास, स्टायलो, सुबाभूळ, शेवरी, हादगा. ज्वारी, मका, बाजरी, नेपियर हा एकदल चारा. द्विदलात प्रथिनं जास्त, म्हणून दुधाला चांगला. त्याचे धोकेही बहुतेक पानातल्या प्रथिनांतून किंवा झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेल्या द्रव्यांतून येतात.

"भाऊ, मनी गाय फुगी गई." आधी काय करायचं?

आधी डॉक्टरांना फोन. जवळ कोणी नसेल तर पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हा टोल फ्री क्रमांक लावा. तोवर गव्हाणीतला घास काढून टाका, गायीला बसू देऊ नका आणि पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी करा. तोंडात लगामासारखी आडवी काठी बांधली तर ती चघळत राहते, लाळ सुटते, ढेकर यायला मदत होते. मोठ्या गायीला पाव लिटरच्या आसपास गोडेतेल पाजतात. ते सावकाश पाजा, मान फार वर ओढू नका, जीभ धरून ठेवू नका. तेल फुफ्फुसात गेलं तर पोटफुगीतून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते. कुशीत सुई किंवा चाकू खुपसण्याचा प्रयोग स्वतः करू नका. ट्रोकार, म्हणजे वायू काढायची नळीची सुई, हे काम डॉक्टरांचं.

घासाने पोट फुगतंच का?

मोठ्या गायीच्या कोठीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात, तासाला 30 ते 50 लिटर वायू तयार होतो. तो रोजच होतो आणि ढेकरेवाटे निघून जातो. कोवळ्या लसूणघासात विरघळणारी प्रथिनं भरपूर, शिवाय सॅपोनिन हे साबणासारखा फेस करणारं द्रव्य असतं, आणि पान पोटात गेल्या गेल्या झपाट्याने फुटतं. मग वायू मोकळा न राहता बारीक फेसात अडकतो. फेस अन्ननलिकेच्या तोंडाशी आला की ते तोंड उघडत नाही, म्हणजे ढेकर बंद. वायू मात्र तयार होतच राहतो.

घरातलं उदाहरण घ्या. तुरीची डाळ शिजायला लावली की वर पांढरा फेस येतो आणि पातेल्यातून उतू जातो. तोही प्रथिनांचा आणि सॅपोनिनचाच फेस. आपल्या आया त्यात तेलाचे दोन थेंब सोडतात आणि फेस बसतो. गायीला तेल पाजतात ते याच कारणाने.

माझी एक गाय अशीच गेली. जानेवारीतली सकाळ, घासावर दहिवर होतं. रात्री कडबा संपला होता, म्हणून गव्हाणीत नुसता घास पडला. मी दूध घालून परत आलो तेव्हा ती मागच्या पायाने पोटावर लाथा मारत होती. डावी भकाळी पाठीच्या कण्याच्या वर आलेली, बोटाने टिचकी मारली तर डफासारखा आवाज. डॉक्टर निघाले होते, पण पुलाच्या अलीकडेच होते. तासा-दीड तासात सगळं संपलं. तोवर घास म्हणजे सोनं एवढंच मला माहीत होतं.

एकाच गव्हाणीत खाऊन माझीच गाय फुगते, शेजारची नाही. असं का?

जनावराजनावरांत फरक असतो आणि तो काही अंशी आनुवंशिक आहे. न्यूझीलंडमध्ये लवकर फुगणाऱ्या आणि सहसा न फुगणाऱ्या गायींचे वेगवेगळे कळप पैदाशीने तयार करून हे तपासलं गेलं. एखादी गाय पुन्हा पुन्हा फुगत असेल तर तिच्या कालवडीवरही नजर ठेवा.

दशरथ घासाने पोट का फुगत नाही?

केळीच्या रावेर-यावलच्या माणसाला हे लगेच कळेल. कच्च्या केळाचा तुकडा चावला की जीभ कोरडी पडते, तोंड आवळल्यासारखं होतं. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून जीभ खरखरीत लागते. दशरथ घासाच्या पानातही टॅनिन असतं आणि कोठीपोटात ते हेच काम करतं. विरघळलेली प्रथिनं धरून ठेवली गेली की फेस टिकत नाही. वर त्यातली काही प्रथिनं कोठीपोटात न फुटता पुढे आतड्यात जातात आणि गायीच्या जास्त उपयोगी पडतात.

पण टॅनिन जास्त झालं की उलटं होतं. पानाच्या कोरड्या वजनात अर्धा टक्का टॅनिनही फेस मोडायला पुरतं, दोन ते चार टक्के प्रथिनांच्या दृष्टीने चांगलं, आणि पाच-सहा टक्क्यांच्या वर गेलं की जनावर कमी खातं, पचनही मंदावतं. म्हणून ‘टॅनिन असलेला चारा चांगला’ एवढंच वाक्य घेऊन घरी जाऊ नका.

मग लसूणघासाच्या पानातच टॅनिन का आणत नाहीत?

सगळ्यात आशेचा प्रश्न हाच. लसूणघासाला टॅनिन बनवता येतं, पण ते फक्त बियांच्या सालीत बनतं. पानात ती यंत्रणा बंद असते. क्लोव्हर या घासाच्या भाऊबंदाचंही तसंच. न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी क्लोव्हरच्याच एका रानटी जातीतला, टॅनिनची यंत्रणा सुरू करणारा जनुक शोधून पांढऱ्या क्लोव्हरमध्ये घातला आणि त्याच्या पानात टॅनिन आलं.

पण ते जनुकीय बदल केलेलं पीक आहे. आपल्याकडे 2002 मध्ये बीटी कापूस आला आणि खान्देशाने तो पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांत राहून पाहिला, त्याचे फायदेही आणि गुलाबी बोंडअळीने दिलेला धडाही. चाऱ्याच्या पिकात असं काही आपल्या शेतात आलेलं नाही. 2022 मध्ये केंद्राने बाहेरचा जनुक न घालता केलेल्या जनुक संपादनासाठी नियम सैल केले. त्या वाटेने घासात काही घडलं तर मला आनंदच होईल, पण मी त्याची वाट पाहत बसणार नाही. साध्या निवडीनेही बरंच होतं.

साध्या निवडीने काय झालं आहे?

कॅनडातल्या पैदासकारांनी टॅनिनचा नाद सोडून दुसरा प्रश्न विचारला: पान पोटात इतक्या झपाट्याने फुटू नये असं झाड मिळेल का? त्यांनी लसूणघासाच्या वेगवेगळ्या झाडांची पानं घेतली, नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशव्यांत भरली आणि पोटाला कायमचं झाकणाचं छिद्र असलेल्या गायीच्या कोठीपोटात सोडली. काही तासांनी पिशव्या काढून कुठल्या झाडाचं पान कमी फुटलं ते तोलून पाहिलं. त्या झाडांचा आपसात संकर, त्यांच्या पिलावळीतून पुन्हा निवड, असे चार फेरे केले. सुरुवातीच्या तासांतला पचनाचा वेग सुमारे 15 टक्क्यांनी खाली आला. 1990 च्या दशकात एसी ग्रेझलँड हा वाण त्यातून निघाला. त्यावर चरणाऱ्या गायींत पोटफुगी बरीच कमी झाली. पूर्ण थांबली नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

मला या कामात एक गोष्ट फार आवडते. त्यांनी झाडाच्या दिसण्यावर काहीच ठरवलं नाही. आपण बांधावर उभं राहून हिरवागार, रसरशीत, मऊ घास पाहतो आणि तोच चांगला म्हणतो. फेसाच्या दृष्टीने तोच सगळ्यात धोक्याचा असू शकतो.

वेग कमी म्हणजे दूध कमी का?

तसं गृहीत धरू नका. निवड पहिल्या काही तासांच्या वेगावर होती, दिवसभरात एकूण किती पचतं यावर नाही. पान तेवढंच पचतं, फक्त एकदम फुटत नाही.

चरायला सोडण्यासाठी वेगळा वाण लागतो का? आम्ही तर कापूनच घालतो.

कापून घालणाऱ्याच्या हातात तरी काही असतं: किती, कधी, कशात मिसळून. चरणारं जनावर स्वतः निवडतं आणि कोवळा शेंडा आधी ओढतं. म्हणून चराईत धोका जास्त. दुसरी अडचण झाडाची. लसूणघासाचं खोड जनावरांनी सतत कुरतडलं, तुडवलं की झाड मरतं.

अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात याच्यावर सरळ उपाय केला. घासाच्या प्लॉटवर गुरं सतत चरू दिली, विश्रांती नाहीच. जी झाडं तरीही जगली त्यांच्यापासून पुढची पिढी घेतली. 1990 च्या सुमारास अल्फाग्रेझ हा वाण यातून आला. त्याचा गड्डा जमिनीत खोल राहतो. लक्षात घ्या, हा गुण टिकण्याचा आहे, पोटफुगीचा नाही. दोन्ही गुण एका झाडात आणायला दोन्ही चाचण्या लावाव्या लागतात.

सातपुड्याच्या पायथ्याला, तोरणमाळ-धडगावकडच्या उतारांवर किंवा साक्रीच्या माळावर लसूणघासाचा विचारच करू नका. तिथे पाणी नाही. त्या जमिनीला स्टायलो. पावसावर येतो, मुरमाड जमीन चालते, आणि त्याने पोट फुगल्याचं मी कुठे पाहिलेलं नाही. स्टायलोतही पैदाशीची गोष्ट आहे: ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकात करपा रोगाने आधीचा स्टायलो साफ केला, मग रोग सोसणाऱ्या स्कॅब्रा आणि हॅमाटा जातींवर भर दिला गेला. आपल्याकडे पेरतात त्याही याच जाती.

सुबाभूळ घातली तर घोड्याचे केस गळतात म्हणतात. खरं का?

खरं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला जाणकार आधी आयाळ आणि शेपूट हातात घेऊन बघतो. सुबाभळीच्या पानात, विशेषतः कोवळ्या फुटव्यात, मिमोसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते केसांच्या मुळावरच घाव घालतं. घोडा, गाढव, डुक्कर, कोंबडी यांना त्याचा त्रास लवकर होतो. घोड्याला सुबाभूळ नकोच.

गायी-बकऱ्यांचं वेगळं आहे. कोठीपोटात मिमोसिनचं रूपांतर होतं आणि जे तयार होतं ते थायरॉइडला त्रास देतं. ऑस्ट्रेलियात गुरं आजारी पडत, हवाईत मात्र बकऱ्या सुबाभळीवरच जगत आणि ठणठणीत असत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ओळखलं की फरक पोटातल्या जिवाणूत आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईच्या बकऱ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात नेऊन गुरांना दिले आणि विषबाधा थांबली. 1992 मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सी असं नाव मिळालं. इथे झाड बदलावं लागलंच नाही. कमी मिमोसिनच्या सुबाभळीसाठी संकरही झाले आहेत.

आपण काय करावं? एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, बाकी कडबा, धसकट, गवत. गाभण जनावराला आणखी कमी.

घासामुळे मेंढ्या गाभण राहत नाहीत, असं होऊ शकतं का?

मेंढपाळ ठेलारी बांधवांकडून हा प्रश्न आला होता. एका विशिष्ट चाऱ्याने असं झालेलं आहे. 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात सब क्लोव्हर या क्लोव्हरच्याच एका जातीवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात, विताना अडत. पानातलं फॉर्मोनोनेटिन पोटात गेल्यावर मादीच्या संप्रेरकासारखं वागत होतं. पैदासकारांनी हजारो झाडांची पानं तपासून ते द्रव्य कमी असलेली झाडं निवडली. नंतरच्या वाणांत ते कोरड्या वजनाच्या 0.2 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट लागली आणि जुने वाण मागे पडले. पैदाशीने चारा सुरक्षित होतो याचा माझ्या मते सगळ्यात स्वच्छ पुरावा हाच. आपल्याकडे सब क्लोव्हर नाही. मेंढ्या उलटत असतील, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत असतील, तर नर, खुराक आणि रोग आधी तपासून घ्या.

अवकाळीत भिजलेला, बुरशी आलेला चारा घालावा का?

नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 1933 च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला डबा घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्याच्या गुरांनी बुरशी लागलेलं वाळलेलं स्वीट क्लोव्हर, हाही एक द्विदल चारा, खाल्लं होतं. त्या झाडातल्या कूमारिनचं बुरशीने डायकूमारॉल केलं होतं आणि रक्त गोठणं बंद झालं होतं. याच शोधातून पुढे वॉरफरिन हे उंदराचं औषध निघालं. कॅनडात नंतर कमी कूमारिनचे वाण काढले गेले. गव्हात उगवणारी रानमेथी याच कुळातली. ती थोडी हिरवी गेली तर घाबरू नका, पण तिच्यासकट वाळवलेल्या चाऱ्याला बुरशी आली तर तो उकिरड्यावर टाका. भुईमुगाच्या बुरसलेल्या पाल्याचं विष वेगळं आहे, पण निर्णय तोच.

किराळ लागणं म्हणजे पोटफुगीच का?

नाही. ते कोवळ्या किंवा पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीतलं सायनाइड. जनावर काही मिनिटांत धापा टाकून कोसळतं. त्यावर इंजेक्शन असतं, ते डॉक्टरच देतील. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत घालू नका.

भारतात असं सुरक्षित वाणांचं काम झालं आहे का?

झालं आहे, पण ते माणसांच्या ताटासाठी. लाखेच्या डाळीतलं पायांना लुळेपणा आणणारं ओडॅप कमी करून रतन, प्रतीक, महातिवडा हे वाण काढले गेले. म्हणजे आपल्या शास्त्रज्ञांना हे जमतं. झाशीच्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेत 1962 पासून चाऱ्यावर काम चालू आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-88 हा लसूणघास आपल्या भागात चांगला चालतो, मीही तोच लावतो. पण मी जेवढी माहितीपत्रकं वाचली त्यांत हिरवा चारा किती, कापण्या किती, प्रथिनं किती एवढंच होतं. पान पहिल्या चार तासांत किती फुटतं, हा रकाना मला अजून दिसलेला नाही. शिवारफेरीला, मेळाव्याला गेलात तर तोच विचारा. एकाने विचारलं तर हसतील, शंभर जणांनी विचारलं तर लिहून घेतील.

नवा वाण यायला इतकी वर्षं का लागतात?

लसूणघासात गुणसूत्रांचे दोन नाही, चार संच असतात आणि परागीभवन मधमाश्या करतात. म्हणून एका पाकिटातली दोन झाडं सारखी नसतात. गुण एका झाडात सापडला तरी तो सगळ्या वाणात बसवायला निवडीचे अनेक फेरे लागतात. मग कापण्यांत टिकतो का, मावा सोसतो का, बी भरतं का हे बघायचं. आणि शेवटी खऱ्या जनावरांना खाऊ घालून तपासायचं, जे सगळ्यात महाग. दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

तोपर्यंत आम्ही काय करायचं?

उपाशी जनावरापुढे घास टाकू नका. आधी कडबा किंवा तुरीचं भूस, मग घास. दहिवर असताना कापू नका. संध्याकाळी कापून रात्रभर पसरून सुकवलेला घास सकाळी घातला तर धोका कमी होतो. फुलोरा दिसू लागल्यावर कापलेला घास कोवळ्यापेक्षा सुरक्षित. कुट्टीत मिसळून घाला, म्हणजे गाय निवडून खात नाही. चाऱ्यात बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. लग्नाला गेलो, गड्याने घास टाकला, असं घडतं. म्हणून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा: आधी कडबा.

बियाणं घेताना काय बघू?

वाणाचं नाव, प्रमाणित असल्याची खूण, तारीख आणि अमरवेल. मला एका दुकानातून सुटं, बिनलेबलचं बी ‘एकदम भारी’ म्हणून मिळालं होतं. दुसऱ्या कापणीला घासावर पिवळ्या शेवयांसारखे दोरे दिसले. अमरवेलीला ना पान, ना जमिनीतलं मूळ, ती घासाचाच रस पिते. तो वाफा मला घासासकट खणून जाळावा लागला. बी येण्याआधी जाळला म्हणून बाकीचे वाचले.

घरच्या घरी सुरक्षित झाडं निवडता येतील का?

पोटफुगीसाठी नाही. पानातलं ते डोळ्याने दिसत नाही, आणि चाखून पाहिलं तरी लसूणघासाच्या पानात तुरटपणा मुळातच नसतो. टिकण्यासाठी मात्र निवडता येतात. माझ्या एका वाफ्यात गेल्या वर्षी पोटभर कडबा खाल्लेल्या दोन कालवडी रोज संध्याकाळी अर्धा तास सोडायचो, मी स्वतः उभा राहून. चौथ्या महिन्याला बराच घास गेला होता. उरलेल्यांत जी झाडं जमिनीलगत दाट फुटत होती त्यांना मी सुतळी बांधली, एकवीस झाडं. त्यांचं बी वेगळं धरलं आहे आणि या ऑक्टोबरात एका वाफ्यात टाकणार आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी डिसेंबरात यावं, पण येताना स्वतःच्या वाफ्यातली अशीच टिकलेली दोन-चार झाडं मुळासकट घेऊन यावीत.